विंडोज १० सोडू की नको? मशीन म्हणतंय "नाही", घरचे म्हणतायत "कर एकदाचं"

माउस_हरवला:
नमस्कार मंडळी. हा प्रश्न इथे शंभरदा येऊन गेला असेल पण प्रत्येक जण वेगळंच सांगतो आणि माझं डोकं पार भंजाळलंय, म्हणून परत विचारतोय. जुने धागे वाच म्हणू नका, वाचलेत.

२०१८ ला असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. इंटेल आय५-८४००, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्डडिस्क (हो, एसएसडी म्हणजे ती न फिरणारी वेगवान डिस्क नाहीये, हसा), विंडोज १० होम ६४-बिट. चालू व्हायला इतका वेळ घेतो की मी बटण दाबून आंघोळीला जातो, पण एकदा उठला की कुरकुर नाही. काम म्हणाल तर ब्राउझर, थोडं एक्सेल, हिशेबाचं एक जुनं सॉफ्टवेअर ज्याची कंपनीच आता राहिली नाही, आणि एक फ्लॅटबेड स्कॅनर. वडिलांच्या अल्बममधले फोटो स्कॅन करायला घेतलेत, निम्मे झालेत.

१० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ चालेल का बघायला पीसी हेल्थ चेक टाकलं तर प्रोसेसरला हिरवी टिक, रॅमला हिरवी टिक, आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) आणि सिक्युअर बूट (चालू होताना भलतंसलतं काही शिरू न देणारी सोय) या दोघांना लाल फुली. मेव्हणा म्हणतो हा पीसी बाद झाला, नवा घे. एक मित्र म्हणतो जुगाड करून तो चेक बायपास करता येतो, दहा मिनिटांचं काम. मला विचाराल तर मला काहीच बदलायचं नाहीये, चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची. पण बँकेचं सगळं याच मशीनवरून होतं म्हणून मनात धाकधूक आहे.

तर जायलाच पाहिजे का? आणि गेलो न् पटलं नाही तर परत येता येतं का?

जुना_खोका:
मी अजून १० वरच आहे आणि रात्री शांत झोपतो. सपोर्ट संपला म्हणजे काही १५ ऑक्टोबरला मशीन बंद पडलं नाही ना कोणाचं. आणि एक गोष्ट लोकांना माहीतच नसते, घरगुती वापराच्या १० साठी वाढीव सिक्युरिटी अपडेट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ईएसयू म्हणतात त्याला. सेटिंगमधे विंडोज अपडेटच्या पानावर एनरोलचं बटण येतं. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर चालू केला की फुकट, नाहीतर त्यांच्या रिवॉर्डचे १००० पॉइंट द्या, नाहीतर पैसे भरा. अट एवढीच की २२एच२ व्हर्जन पाहिजे आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट पाहिजे, पैसे भरले तरी अकाउंट पाहिजेच. नवीन फीचर वगैरे काही नाही, फक्त सिक्युरिटीचे पॅच, म्हणजे भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या. पण तुम्हाला नवीन फीचर हवंय कुठे?

ब्राउझरची पण घाई नाही. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० ला गेला आणि क्रोमने त्याला फेब्रुवारी २०२३ मधे सोडलं, म्हणजे तीन वर्षं ढकलली. निवांत बसा.

रात्रपाळी:
खोकासाहेब, ईएसयूचं बरोबर, पण "निवांत बसा" हे पटलं नाही. ईएसयूला नाव नोंदवलं असेल तर बसा. नोंदवलं नसेल आणि नुसतंच "चालतंय ना" म्हणून बसला असाल तर तो निवांतपणा नाही, ते डोळे मिटून दूध पिणं आहे.

अँटिव्हायरस आहे ना मग काय होतंय, असं खूप जणांना वाटतं. मे २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस आठवा. ज्या भोकातून तो शिरला त्याचा पॅच मार्चमधेच आला होता, म्हणजे दोन महिने आधी. ज्यांनी अपडेट टाकलं होतं त्यांना काही झालं नाही, ज्यांनी "नंतर बघू" केलं त्यांच्या फायली लॉक झाल्या. त्याला कोणी लिंकवर क्लिक करायची पण गरज नव्हती, एका मशीनवरून दुसऱ्यावर स्वतःच उडी मारायचा. इतकं झालं की एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपला होता तरी त्याच्यासाठी घाईघाईत पॅच काढावा लागला.

आणि सपोर्ट संपलेल्या ओएसला (विंडोजसारख्या मूळ सिस्टिमला) वेगळाच धोका असतो. १० आणि ११ चा आतला बराच कोड एकच आहे. ११ साठी पॅच आला की पॅचच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून नक्की काय दुरुस्त केलं ते शोधणारे लोक आहेत. तेच भोक १० मधे असलं आणि तुम्हाला पॅच मिळणार नसला, तर ११ चा प्रत्येक पॅच म्हणजे तुमच्या घराचा नकाशा छापल्यासारखं झालं.

असो. आता तुमच्या लाल फुल्या. मेव्हण्याला सांगा पीसी बाद वगैरे काही नाही. आय५-८४०० आठव्या पिढीचा आहे, ११ च्या यादीत इंटेलची आठवी पिढी बसते. टीपीएम पण तुमच्याकडे आहे, फक्त झोपलेलं आहे. इंटेलच्या बोर्डांवर ते पीटीटी नावाने बायोसमधे (विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डाचं सेटिंग) असतं, एएमडीवर एफटीपीएम नावाने, आणि त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर ते बंदच यायचं. तेव्हा मित्राचा जुगाड विसरा, तुम्हाला त्याची गरजच नाही. जुगाड करून टाकलेल्या मशीनला वर्षाचं मोठं अपडेट आपोआप येत नाही, दर वेळी हाताने ढकलावं लागतं. आणि फार जुन्या प्रोसेसरवर, कोअर टू ड्युओ वगैरे, जुगाडाने ११ चालवणारे त्याचं २४एच२ व्हर्जन आल्यावर अडकलेच, कारण त्यात प्रोसेसरच्या ज्या सूचना लागतात त्या त्यांच्यात नाहीतच. तिथे जुगाड चालत नाही.

एक बघून सांगा. विंडोजचं बटण आणि आर दाबा, एमएसइन्फो३२ टाइप करा, त्यात बायोस मोडसमोर काय लिहिलंय? आणि डिस्क मॅनेजमेंट उघडून किती पार्टिशन दिसतात तेही सांगा.

माउस_हरवला:
बायोस मोडसमोर लेगसी लिहिलंय. पार्टिशन सी, डी, ई, एफ. सी निळ्या पट्टीत आहे आणि बाकीचे तीन एका हिरव्या चौकटीत आहेत, त्यांच्यावर लॉजिकल ड्राइव्ह असं लिहिलंय. हे चांगलं की वाईट?

आणि रात्रपाळी, "नकाशा छापल्यासारखं" वाचून धाकधूक वाढली हो, कमी नाही झाली.

स्क्रूड्रायव्हर:
वाईट नाही, पण इथेच लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मशीनला ज्याने विंडोज टाकलं त्याने ते जुन्या पद्धतीने टाकलं, लेगसी बूट आणि एमबीआर (जुन्या मांडणीची) डिस्क. सिक्युअर बूटला यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) लागतं आणि विंडोजला यूईएफआयने बूट व्हायला जीपीटी (नव्या मांडणीची) डिस्क लागते. म्हणून ती दुसरी लाल फुली. तुमचा बोर्ड यूईएफआयचाच आहे, डिस्कची मांडणी जुनी आहे.

आता नेटवर कुठला तरी व्हिडिओ बघून बायोसमधे जाऊन थेट सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद करू नका, प्लीज. तसं केलं की मशीन चालू होईल आणि बूट करायला काही सापडत नाही म्हणून काळा पडदा दाखवेल, मग तुम्ही घाबरून विंडोज परत टाकायला जाल आणि त्यात फोटो उडतील. (तसं झालंच तर काही करू नका, फक्त बायोसमधे परत लेगसी करा, सगळं जागेवर असतं.) आधी डिस्क बदलायची, मग बायोस. विंडोजमधे एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल असतंच, ते डेटा न पुसता डिस्क बदलतं, पण त्याची एक अट आहे, डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन पाहिजेत आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल एकही नको. तुमची हिरवी चौकट म्हणजे तेच एक्स्टेंडेड पार्टिशन. टूल आधी तपासणी करतं, तिथेच नाही म्हणेल.

मग काय करायचं? माझं स्पष्ट मत सांगतो, तुम्हाला ओएसच्या आधी डिस्क बदलायची गरज आहे. बटण दाबून आंघोळीला जाता ते विंडोजमुळे नाही, त्या फिरणाऱ्या हार्डडिस्कमुळे. ११ कागदावर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागेत बसतं, पण हार्डडिस्कवर टाकून बघा, आंघोळ, पूजा, नाश्ता सगळं उरकेल. छोटी का होईना एसएसडी घ्या आणि तिच्यावर ११ कोरं टाका.

यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण मिळतं. आहे त्यावरच अपग्रेड केलं तर परत यायला दहा दिवस मिळतात, जुनं विंडोज एका वेगळ्या फोल्डरमधे ठेवलेलं असतं, आणि मधेच कोणी जागा मोकळी करायला डिस्क क्लीनअप मारून ते फोल्डर उडवलं तर तेही नाही. नव्या एसएसडीवर टाकलं तर जुनी डिस्क जशीच्या तशी राहते. पटलं नाही तर बायोसमधे लेगसी करा, जुनं १० तिथेच उभं असेल, दहा दिवसांनी काय आणि दहा महिन्यांनी काय.

फक्त एक करा, ११ टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. खरंच काढा. दोन डिस्क जोडलेल्या असल्या की इन्स्टॉलच्या पडद्यावर डिस्क शून्य आणि डिस्क एक अशी नावं दिसतात आणि रात्री अकरा वाजता माणूस चुकीची पुसतो. लायसन्सची काळजी नको, १० चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डला चिकटलेलं असतं, लायसन्सची की विचारली तर "माझ्याकडे नाही" करून पुढे जा, होमच निवडा, नेट जोडलं की ॲक्टिव्हेट होईल.

पेंग्विन_आजोबा:
आलोच. मला कोणी बोलावलं नव्हतं, माहितीये.

लिनक्स मिंट २२ (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून बूट करा, डिस्कला हात न लावता तासभर वापरून बघा. २०२९ पर्यंत अपडेट येणार आहेत, टीपीएम कोणी विचारत नाही. एक्सेलच्या जागी लिबरऑफिस, साध्या शीटला पुरतं, मॅक्रो असतील तर रडवेल. हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र चालेलच असं म्हणणार नाही, वाइनमधे (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय) कधी चालतं कधी नाही, आणि हिशेबाच्या बाबतीत "कधी कधी" हा शब्द चांगला नाही.

स्कॅनरचं मात्र लक्षात ठेवा. लिनक्समधे सेन नावाची व्यवस्था आहे, कंपनीने केव्हाच सोडून दिलेले कितीतरी स्कॅनर तिच्यात अजून चालतात. विंडोज ११ ने तुमच्या स्कॅनरला ओळख दाखवली नाही तर हा पेनड्राइव्ह कामाला येईल.

जुना_खोका:
आजोबा दर धाग्यावर येतात आणि दर वेळी निम्मं पटतं, हाच प्रॉब्लेम आहे.

स्क्रूड्रायव्हरचं एसएसडीचं मान्य. पण मग एसएसडीवर १० च टाका की! ईएसयू घ्या, वर्ष काढा. ११ चा टास्कबार, राइट क्लिकचा तो अर्धवट मेनू, "आणखी पर्याय दाखवा" वर परत क्लिक, हे सगळं शिकायचं कशाला.

रात्रपाळी:
कारण तेच काम वर्षाने परत करावं लागेल. एकदा मशीन उघडलंय, केबल काढलीये, पेनड्राइव्ह बनवलाय, मग १० टाकून पुढच्या वेळी हेच सगळं? ज्याचं मशीन ११ ला बसतच नाही त्याच्यासाठी ईएसयू ठीक, तोवर तो पैसे जमवेल नाहीतर आजोबांकडे जाईल. यांचं मशीन बसतंय. मेनूची सवय आठवड्यात होते.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं पण सांगतो. तुमचं १० ६४-बिट आहे आणि त्यावर ते चालतंय म्हणजे ते १६-बिट, फार जुन्या बनावटीचं, नाही, तेव्हा ११ वर बहुतेक चालेलच. १६-बिटवाले ६४-बिट विंडोजवर आधीपासूनच चालत नाहीत आणि ११ फक्त ६४-बिटच येतं. सेटअपची फाइल शोधून ठेवली का पण? कंपनी नाही म्हणता, मग ती फाइल आणि लायसन्सचा नंबर कुठेय ते आज बघा, ११ टाकल्यावर नाही.

काडेपेटी:
कोणीच बॅकअपचं बोललं नाही म्हणून मी बोलते. निम्मे स्कॅन झालेले फोटो कुठे आहेत? डी मधे आहेत आणि कॉपी ई मधे आहे असं म्हणणार असाल तर तो बॅकअप नाही, ती एकाच डिस्कवर दोनदा ठेवलेली एकच गोष्ट आहे. २०१८ ची रोज फिरणारी हार्डडिस्क. ओएसचं राहू द्या बाजूला, त्या डिस्कनेच एखाद्या सकाळी मान टाकली तर? आज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, ती डिस्क काढून कपाटात ठेवा, मग अपग्रेडवर चर्चा करा.

आणि दुसरं, हे माझ्या अंगावर आलंय. २४एच२ पासून कोरं टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की होममधे पण डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते, विचारत वगैरे नाही. रोजच्या वापरात कळतही नाही. मी नंतर बायोस अपडेट केलं, आणि चालू केल्यावर निळा पडदा, ४८ आकडी रिकव्हरी की टाका. की अकाउंटमधे जमा असते, चांगलं आहे, पण मी अकाउंट कुठल्याशा जुन्या ईमेलने काढलं होतं आणि तो ईमेल ज्या नंबरला जोडलेला तो नंबर मी सोडून दिलेला. चूक पूर्ण माझी. दोन दिवस गेले, शेवटी मिळाली, पण त्या दोन दिवसांत वजन उतरलं माझं. तेव्हा लॉगिन कराल तो ईमेल आत्ता तुमच्या हातात असलेला वापरा, आणि ती की कागदावर लिहून ठेवा. कागदावर, त्याच कॉम्प्युटरमधल्या नोटपॅडमधे नाही.

माउस_हरवला:
काडेपेटी ताई, कॉपी ई मधेच होती. तुमचं वाचून उठलो आणि जुन्या लॅपटॉपची बाहेरची डिस्क शोधून काढली, रात्री कॉपी लावून झोपलो. दोन फोल्डर कॉपी होताना अडकले, वाचता येत नाही असा मेसेज. त्यातले अकरा फोटो गेले. परत स्कॅन करता येतील, अल्बम आहे, पण छातीत धस्स झालं.

एसएसडी मागवतोय.

स्क्रूड्रायव्हर:
वाचता येत नाही असं आलं म्हणजे डिस्कवर बॅड सेक्टर असणार. उरलेलं सगळं लगेच काढून घ्या आणि त्या डिस्कवर नवीन काही ठेवू नका. कोरी एसएसडी आता शौक राहिला नाही, गरज झाली.

माउस_हरवला:
तीन आठवड्यांनी येतोय, सांगायचं राहूनच गेलं.

झालं एकदाचं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह बनवला, जुन्या डिस्कची केबल काढली, बायोसमधे पीटीटी चालू केलं. पहिल्यांदा मात्र फसलोच. सीएसएम बंद करायचं विसरलो आणि बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसत होता, एक नुसता आणि एकाच्या मागे यूईएफआय लिहिलेलं, मी नुसता निवडला आणि इन्स्टॉलर म्हणाला हा पीसी बसत नाही. अर्धा तास तुम्हा सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या, मग कळलं. सीएसएम बंद, दुसरं नाव निवडलं, पुढे सरळ. नेट जोडल्यावर लायसन्स आपोआप आलं. आता बटण दाबून टॉवेल शोधेपर्यंत डेस्कटॉप समोर असतो, आंघोळीची वेळ बदलावी लागली.

एन्क्रिप्शन खरंच आपोआप चालू झालेलं होतं. घरातून न हलणारा डेस्कटॉप आहे म्हणून मी ते बंद केलं, पूर्ण उतरेपर्यंत थांबलो, मगच जुनी डिस्क जोडली. लॅपटॉप असता तर चालू ठेवलं असतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतंय, सेटअप एका सीडीवर मिळाला, सीडी ड्राइव्ह मिळवायला जास्त वेळ लागला.

स्कॅनरने मात्र घोळ घातला. ड्रायव्हर चढतो पण स्कॅन सुरू होत नाही. कोअर आयसोलेशनमधे मेमरी इंटिग्रिटी म्हणून विंडोजचं एक संरक्षण आहे त्याला तो ड्रायव्हर चालत नाही म्हणे. ते बंद केलं तर चालेल असं वाचलं, पण बँकेचं काम याच मशीनवर, नाही केलं बंद. स्कॅन करायचं असेल तेव्हा नेटची केबल काढतो, बायोसमधे लेगसी करून जुन्या १० मधे जातो, स्कॅन करून एसएसडीवर एक वेगळं पार्टिशन केलंय त्यात फोटो ठेवतो आणि शटडाउन करून परत ११. जुन्या डिस्कवर काही ठेवत नाही. कटकट आहे पण चालतंय.

स्क्रूड्रायव्हर:
थांबा थांबा. शटडाउन करून? दोन्ही विंडोजमधे फास्ट स्टार्टअप बंद केलंय का? ते चालू असलं की शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं, विंडोज अर्धं झोपतं आणि पार्टिशनची माहिती तशीच लक्षात ठेवतं. मग दुसऱ्या विंडोजने त्याच पार्टिशनवर फोटो लिहिले आणि पहिलं उठून आपली जुनी माहिती खरी धरून बसलं की फायली खराब होतात. पॉवर ऑप्शन्समधे जाऊन दोन्हीकडे बंद करा. तोवर शटडाउनच्या ऐवजी रीस्टार्ट मारा, त्यात पूर्ण बंद होतं.

पेंग्विन_आजोबा:
नाहीतर पेनड्राइव्हवर मिंट. मी फक्त आठवण करून दिली.

माउस_हरवला:
११ मधलं आत्ता बंद केलं, १० मधलं रात्री करतो. आजोबा, रविवारी तुमचा पेनड्राइव्ह पण लावून बघणारे, त्यात स्कॅनर चालला तर त्या खडखडणाऱ्या डिस्कला कायमची सुट्टी. अजून दोन अल्बम राहिलेत, आणि ते अकरा.